भाव ठरवण्याआधी

आपल्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातली जुनी घरं एकेक करून उतरवली जात आहेत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हा विषय निघाला असेल, नाहीतर लवकरच निघेल. आमच्याकडे तो दोन वर्षांपूर्वी निघाला आणि आजोबांचं घर पाडून तिथे तीन मजले बांधायचे ठरले.

मी सिव्हिल इंजिनियर. नोकरी एका कारखान्याच्या मोठ्या बांधकामावर. तिथे सुरक्षेची माहिती दिल्याशिवाय मजुराला गेटच्या आत घेत नाहीत. उंचीवर चढायचं तर परवाना लागतो, पट्टा कशाला अडकवलाय ते सेफ्टी ऑफिसर स्वतः बघतो. आणि संध्याकाळी घरी यावं, तर आमच्याच प्लॉटवर माणसं चपला घालून, डोक्याला गमछा गुंडाळून काम करताना दिसायची. बांधकाम मजुरांसाठी खास कायदा 1996 सालीच झाला. पण गल्लीतल्या छोट्या साइटवर सेफ्टी ऑफिसर नसतो, फक्त घरमालक असतो. म्हणजे आपण.

पायाची खोदाई सुरू झाली तेव्हा मी पहिल्यांदा बोलले. खड्डा दीड मीटरहून खोल गेला की बाजूंना आधार हवा आणि उकरलेली माती कडेवर रचायची नाही, हा साधा नियम. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. ती अंगावर आली तर छातीपर्यंत गाडलेल्या माणसालाही श्वास घेता येत नाही. ठेकेदार हसून म्हणाला, "बेन, वीस वर्षांत आपल्याकडे कोणाला काही झालं नाही." काकांचंही म्हणणं, "अगं, ते त्याचं काम. आपण कशाला पैसे घालायचे?"

त्याच आठवड्यात रात्री पाण्याची मोटर आणि सळयांचे तुकडे चोरीला गेले. दुसऱ्या दिवशी काकांनी चारी बाजूंनी पत्रे ठोकून घेतले, फाटकाला कुलूप लावलं, कॅमेरा बसवला. पैशांची घासाघीस कोणी केली नाही. त्या पत्र्यांमुळे चोर थांबले, आणि चेंडूमागे खड्ड्यापर्यंत येणारी गल्लीतली मुलंही थांबली. मी म्हटलं, "काका, मोटरसाठी कॅमेरा आला, मग माणसासाठी पट्टा का नको?" काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "किती होतील?"

साइटवर दाहोदकडचं एक जोडपं दोन लहान मुलांसह राहायचं. रखवालीही तेच करत. जमिनीखालच्या टाकीचं तोंड उघडंच होतं. त्या बाईने त्यावर फळी टाकून वर विटा रचल्या होत्या. तिला नियम कोणी शिकवला नव्हता; तिची मुलं तिथेच खेळायची. आम्ही आधी त्या टाकीला कुलपाचं झाकण केलं.

मग ठेकेदाराच्या करारात वेगळ्या ओळी घातल्या: हेल्मेट, बूट, पूर्ण अंगाचे पट्टे, स्लॅबच्या आणि जिन्याच्या कडेला कठडे, डक्टवर झाकणं, तात्पुरत्या विजेला 30 मिलिअँपिअरचा ब्रेकर. सगळं मिळून खर्च स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटपेक्षा कमी आला. वस्तू आणल्यावर त्या वापरायला लावणं हे निराळंच काम होतं. उन्हात हेल्मेट तापतं, पट्टा हालचालीला आडवा येतो. रोज सकाळी बाबा चहाच्या वेळी खाली जाऊन बघत. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवरून, साधारण नऊ मीटरवरून, खाली पडायला दीड सेकंदही लागत नाही, हे त्यांनी एकदा माझ्याकडून ऐकलं आणि मग कोणाला सांगावं लागलं नाही.

घर पूर्ण झालं. वास्तुशांतीच्या दिवशी काका म्हणाले, "बघ, काहीच झालं नाही. तू उगाच घाबरवलंस." मी म्हटलं, "काही होऊ नये म्हणूनच तर केलं, काका."

तुमच्या घरी कोटेशन येईल तेव्हा चौरस फुटाचा भाव बाबा-काका विचारतीलच. तुम्ही एवढंच विचारा: खड्ड्याला आधार कसा देणार, कडेला कठडा कधी लागणार, पट्टा कशाला अडकवणार, आणि मजुरांची मुलं दिवसभर कुठे असणार? उत्तरं करारात लिहून घ्या, आणि मगच भाव ठरवा.