आधी जबानी, मग निकाल

चित्रपटगृहात पाहिलेला चित्रपट आणि घरी पाहिलेला चित्रपट यांतला भेद पडद्याच्या लांबीरुंदीचा आहे असे सामान्यतः मानले जाते. परंतु आयुष्यातले बहुतेक चित्रपट घरीच पाहिल्यानंतर मला तो भेद निराळ्या ठिकाणी दिसू लागला आहे. चित्रपटगृहात शेकडो अपरिचितांचा समुदाय आपल्यासोबत श्वास रोखून धरतो, हसतो, खुर्चीत चुळबुळ करतो, आणि आपल्या मनात उमटलेल्या भावनेला जागच्या जागी दुजोरा किंवा विरोध मिळत राहतो. घरी हा समुदाय नसतो. तो बोलण्यातून उभा करावा लागतो. म्हणून घरी पाहिलेला चित्रपट पडद्यावर संपतो तेव्हा अर्धाच झालेला असतो, आणि उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी, कोणाशी तरी बोलताना पुरा होतो, अशी माझी प्रचीती आहे. या बोलण्याची जी रीत मला वडिलार्जित ठेव्यासारखी लाभली, तिची हकीकत येथे लिहून ठेवावी असे मनात आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्राचा आरंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला, आणि पुढे सिंहगडाच्या माथ्यावर प्रक्षेपणाचा मनोरा उभा राहिल्यावर पुण्याच्या पेठांतूनही त्याची चित्रे दिसू लागली. आमच्या वाड्यात दूरचित्रवाणीचा संच पहिल्यांदा आला तो मालकांच्या घरी, आणि शनिवारी मराठी व रविवारी हिंदी चित्रपट लागत असल्याने त्या दोन संध्याकाळी वाड्यातली सारी बिऱ्हाडे, दारांना नुसत्या कड्या लावून, त्या एका खोलीत सतरंजीवर दाटीवाटीने येऊन बसत. माझे आजोबा दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. दप्तर, दाखले, तारखा आणि तहकुबी यांत त्यांची हयात गेली होती, आणि चित्रपटाविषयी त्यांना फारसे ममत्व होते असेही नाही. परंतु रविवारी सकाळी ओट्यावर आदल्या रात्रीच्या चित्रपटाचा विषय निघाला, आणि ‘छान होता’ किंवा ‘रटाळ होता’ एवढे बोलून कोणी मोकळे होऊ पाहिले, की ते हातातले वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणत, ‘निकाल मागाहून. आधी जबानी होऊ दे. काय पाहिलंस ते सांग.’

त्या जबानीचे काही नियम त्यांनी मुक्रर केले होते. साक्षीदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले तेवढेच सांगायचे. वर्तमानपत्रात वाचलेले किंवा शेजाऱ्याकडून कळलेले पुरावा म्हणून दाखल करून घेतले जात नसे. एकाची जबानी चालू असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचे नाही, आणि वयाने लहान म्हणून कोणाचीही साक्ष बाद करायची नाही. या शेवटच्या कलमाचा लाभ मला, तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलीला, फार मोठा झाला; कारण मोठ्यांच्या त्या बैठकीत मला बोलण्याची मुभा मिळे, आणि उद्या आपल्याला विचारले जाणार आहे या जाणिवेने मी पडद्याकडे अधिक निरखून पाहू लागले.

‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ दाखवला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची बैठक माझ्या चांगली स्मरणात आहे. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी १९३६ साली दिग्दर्शित केलेला, आणि दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला हा चित्रपट वाड्यातल्या वडीलधाऱ्यांनी तरुणपणी पाहिलेला होता. साहजिकच प्रत्येकाची जबानी विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेवरच्या त्या निरागस शांतीविषयी होती. एरवी या बैठकीत दाराच्या आत बसून भाजी निवडणारी माझी आजी त्या दिवशी आपण होऊन बोलली. तिने सांगितले की तिचे लक्ष सारा वेळ जिजाईकडे होते. गौरी या नटीने उभी केलेली ती जिजाई आजारी पोराला घेऊन, हाती पायतण उचलून, थेट देवळात देवाला जाब विचारायला जाते. आणि अखेरीस तुकाराम वैकुंठाला जातात तेव्हा ती मागे संसारात राहते. आजी एवढेच म्हणाली की देवाशी भांडायला माणसाचे देवाशी नाते असावे लागते, आणि ते नाते जिजाईपाशीही होते. आजोबांनी ती साक्ष ग्राह्य धरली. आणि मला मात्र त्या दिवसापासून हा चित्रपट दोन भक्तांचा वाटत आला आहे. पागनीसांच्या अभिनयाची थोरवी त्यामुळे तिळमात्र उणी झाली नाही. उलट ज्या घरातून त्या अभंगांना उठून यावे लागले, ते घर मला प्रथमच स्वच्छ दिसले.

पुढे जब्बार पटेलांचा, विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून उतरलेला ‘सामना’ आम्ही पाहिला. १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेलेल्या या चित्रपटात नाहीशा झालेल्या एका मारुती कांबळेचे काय झाले, हा प्रश्न श्रीराम लागूंचा फाटका मास्तर निळू फुल्यांच्या हिंदुरावापुढे पुनःपुन्हा उभा करतो. ज्यांनी उभे आयुष्य पक्षकारांच्या नावांचा पुकारा ऐकण्यात घालवले, त्या आजोबांना हा चित्रपट अन्य कोणाहूनही अधिक उमगला असावा. ते म्हणाले की ज्याचे कोणी विचारीत नाही त्याचे प्रकरण दप्तरात आपोआप बंद होते, आणि हा मास्तर विचारीत राहतो म्हणून ते उघडे राहते. चित्रपटाविषयी त्यांनी दिलेला एवढा मोठा निकाल माझ्या ऐकण्यात दुसरा नाही.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत संच आले, आणि पाठोपाठ व्हीसीआर आला. तो विकत घेणे आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हते. एका रात्रीच्या मुदतीवर, कॅसेटींसह, तो भाड्याने आणला जाई, आणि सकाळी दुकान उघडण्यापूर्वी घेतलेल्या साऱ्या कॅसेटी पाहून व्हाव्यात म्हणून घर रात्रभर जागे राही. या यंत्राने चित्रपट मागे फिरवण्याची सोय प्रथमच सामान्य प्रेक्षकाच्या हाती दिली. चित्रपटगृहातला प्रसंग एकदा गेला की गेला, त्याच्याविषयीच्या वादाचा निवाडा स्मरणशक्तीवर सोपवावा लागे. आता ‘मैना आधी वळून पाहते की गणपत’ असा तंटा ‘माणूस’विषयी निघाला, तर फीत मागे नेऊन तिथल्या तिथे रुजुवात घेता येऊ लागली. व्ही. शांतारामांच्या १९३९ च्या त्या चित्रपटात गणपत हवालदार मैनेला आपल्या आईच्या भेटीस नेतो, आणि त्या माउलीच्या सात्त्विकतेपुढे आपण उभे राहू शकत नाही या भयाने मैना तेथून पळते, तो प्रसंग आम्ही अशा रीतीने पुनःपुन्हा पाहिला. आणि शांता हुबळीकरांच्या चेहऱ्यावर भय उमटण्याआधी क्षणभर एक आशा उमटून जाते, हे आम्हांला त्या पुनरावृत्तीनेच दाखवले.

याच काळात रविवारी दुपारी दूरदर्शनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात प्रादेशिक भाषांतले चित्रपट दाखवले जाऊ लागले, आणि बंगाली, मलयाळी, कन्नड माणसे आपापल्या भाषा घेऊन आमच्या घरात आली. तळाशी उमटणारी इंग्रजी अक्षरे आजीला वाचता येत नसत. तरीही सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’तला हरिहर परतून येतो आणि मुलीसाठी आणलेली साडी बायको सर्वजयेपुढे धरतो, त्या प्रसंगानंतर तिने दिलेली जबानी सर्वांहून नेमकी होती. सर्वजयेच्या आक्रोशाचा आवाज रायांनी ऐकवलेलाच नाही. त्या जागी तारशहनाईचा तीव्र स्वर येतो. आम्ही सारे ‘ती किती रडली’ असे बोलत असताना आजी म्हणाली, ‘तिचं रडणं ऐकू आलंच नाही. वाद्य रडलं.’ चित्रपटाचे शास्त्र ज्या गोष्टीला पानेच्या पाने देते, ती गोष्ट निव्वळ कान देऊन ऐकणाऱ्या एका वृद्धेने सहा-सात शब्दांत नोंदवली.

दुसरी एक साक्ष माझ्या मामेभावाची. तो पेटी वाजवीत असे, आणि दूरचित्रवाणीवर लागलेले गाणे तबकडीवरच्या त्याच गाण्याहून चढ्या सुरात ऐकू येते असे तो ठामपणे सांगे. त्याची समजूत अनेकांनी घातली. त्याने आपली जबानी बदलली नाही. पुढे माझ्या यजमानांच्या एका अभियंता मित्राने खुलासा केला की चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने चित्रित होतो, आणि आपल्याकडच्या दूरचित्रवाणीची गती सेकंदाला २५ चौकटींची असल्याने तो तेथे किंचित जलद चालवला जातो. त्यामुळे अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि त्यातले स्वर एका पट्टीहून थोडे कमी इतके वर चढतात. स्वतःच्या कानांवर विसंबून राहणाऱ्या साक्षीदाराला अखेर शास्त्राचा दाखला मिळाला, याचा मला आजही आनंद वाटतो.

डीव्हीडी आली तेव्हा चित्रांच्या कडा परत मिळाल्या. गुरुदत्तांचा ‘कागज के फूल’ हा १९५९ चा, भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. दूरचित्रवाणीच्या चौकोनात तो बसवताना दोन्ही बाजू कापल्या जात, आणि आम्ही कित्येक वर्षे तो तसाच पाहिला होता. वर आणि खाली काळ्या पट्ट्या सोडून पूर्ण रुंदीचे चित्र दिसू लागले तेव्हा व्ही. के. मूर्तींनी रिकाम्या स्टुडिओत सोडलेल्या प्रकाशाच्या त्या झोताभोवती केवढा अंधार आहे, आणि गुरुदत्त व वहिदा रहमान यांच्यात केवढे अंतर आहे, ते कळले. चित्रपटाचे दुःख त्या अंतरात साठवलेले होते.

आता आजोबा-आजी नाहीत, वाडाही राहिला नाही. २०२० च्या टाळेबंदीत, जेव्हा कोणी कोणाच्या घरी जाऊ शकत नव्हते, तेव्हा आम्ही काही स्नेह्यांनी तीच रीत नव्याने सुरू केली: आठवड्याभरात प्रत्येकाने आपल्या घरी एकच ठरलेला चित्रपट पाहायचा, आणि रविवारी फोनवर एकत्र येऊन प्रत्येकाने आधी जबानी द्यायची. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ आम्ही असा पाहिला. आमच्यातले एक गृहस्थ वकिली करीत असत. त्यांनी सांगितले की साक्षीदार आपल्या शब्दांत काही बोलतो, न्यायाधीश ते आपल्या भाषेत लघुलेखकाला सांगतात, आणि नोंदीत राहते ते हे दुसरे बोलणे, ही गोष्ट चित्रपटाने आवाज न चढवता जशीच्या तशी दाखवली आहे. सुट्टी लागून न्यायालयातले दिवे विझतात तेथेच चित्रपट संपायला हवा होता, असे एका मैत्रिणीचे मत पडले. दुसरीने बागेतल्या बाकावर डुलकी घेणाऱ्या, आणि मुलांनी जागे केल्यावर एका पोराच्या मुस्काटीत देणाऱ्या त्याच न्यायाधीशाकडे लक्ष वेधले, आणि दिवे विझल्यावरही न्यायाधीशाचा स्वभाव त्याच्यासोबत घरी जातो, हे त्यावाचून कळले नसते असे सांगितले. दोघींच्या जबान्या खऱ्या होत्या, आणि त्या दिवशी निकाल राखून ठेवण्यात आला.

ताम्हाण्यांचाच ‘द डिसायपल’ ३० एप्रिल २०२१ रोजी घरोघरी उपलब्ध झाला. त्यात रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावरून मोटारसायकलने जाणारा शरद नेरुळकर ज्या माईंची ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकत असतो, त्यांचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. आणि सुमित्राताईंचे निधन त्याच महिन्याच्या १९ तारखेला झाले होते. साधनेविषयी, एकाकीपणाविषयी आणि सत्याविषयी तो निश्चल आवाज आमच्या प्रत्येकाच्या खोलीत बोलत होता, आणि ऐकणारे आम्ही आपापल्या घरांत बंद होतो. त्या रविवारी प्रथम आपण काय ऐकले एवढेच सर्वांनी सांगितले. पण त्या सांगण्यातच श्रद्धांजली होऊन गेली.

आज चित्रपटांची टंचाई नाही. बोट ठेवताच शेकडो समोर येतात, आणि ‘कसा वाटला’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊन लगेच पुढच्याकडे वळता येते. मला या विपुलतेविषयी तक्रार नाही. माझी चिंता वेगळी आहे. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पुरा उपलब्ध नाही, आणि मूकपटांपैकी बहुतांश कायमचे नष्ट झाले. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून, गोदामांतून रिळे शोधून, जे वाचवता आले ते वाचवले. त्या कष्टांचे ऋण फेडण्याचा जो मार्ग आपल्यासारख्या घरबसल्या प्रेक्षकांच्या हाती आहे तो एकच: जे वाचले आहे ते मन लावून पाहावे, आणि काय पाहिले ते दुसऱ्याला नेमके सांगावे. ज्याच्याविषयी कोणी जबानी देत नाही तो चित्रपट डब्यात सुखरूप असूनही हरवलेलाच असतो.

येत्या रविवारसाठी आम्ही शांतारामांचा ‘शेजारी’ ठरवला आहे. १९४१ चा, मने दुभंगू लागलेल्या काळातला हा चित्रपट. त्यात केशवराव दात्यांचा जिवबा आणि गजानन जागीरदारांचा मिर्झा हे बुद्धिबळ खेळणारे दोन म्हातारे मित्र आहेत, आणि त्याच्या हिंदी आवृत्तीत हिंदू म्हाताऱ्याची भूमिका मझहर खान यांना दिली होती. मी त्या दोघांच्या पटावर फिरणाऱ्या हातांविषयी बोलणार आहे. आमच्यापैकी कोणीतरी फुटणाऱ्या धरणाविषयी बोलेल, आणि एखादी तरुण मुलगी असे काही सांगेल जे आम्हां कोणालाच दिसलेले नसेल. या साऱ्या जबान्या एकत्र येईपर्यंत तो चित्रपट आमच्या घरी पुरा झाला असे मी मानणार नाही.