हिंगोलीएवढ्या देशाची संसद

मॉरिशस हा देश क्षेत्रफळाने आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या निम्माही नाही. हिंगोली साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, हे बेट जेमतेम दोन हजारांचे. माणसे मात्र जवळपास सारखीच. २०११च्या जनगणनेत आपण पावणेबारा लाख होतो, हे बारा लाखांच्या थोडे वर. वसमत, कळमनुरी आणि हिंगोली मिळून आपण तीन आमदार मुंबईला पाठवतो. तेवढ्याच माणसांची इथे सत्तर जणांपर्यंतची संसद भरते. राजधानी पोर्ट लुईला मला ती बघायची होती. समुद्रकिनारे नंतर.

सुरुवात बंदरावरच्या आप्रवासी घाटापासून केली. १८३४ पासून साडेचार लाखांवर भारतीय मजूर उसाच्या मळ्यांसाठी या बेटावर आले, त्यांत मुंबई बंदरातून निघालेली कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांनी चढलेल्या दगडी पायऱ्या अजून जपल्या आहेत. तिथून संसद चालत काही मिनिटांवर. वाटेत उंच ताडांची दुतर्फा रांग, एका टोकाला फ्रेंच गव्हर्नर ला बुर्दोनेचा पुतळा आणि दुसऱ्या टोकाला, संसदेच्या दारातच, व्हिक्टोरिया राणी. देश १९६८ साली स्वतंत्र झाला, १९९२ साली प्रजासत्ताक झाला, राणी जागची हलली नाही. आपल्याकडे तिची रवानगी केव्हाच एखाद्या वस्तुसंग्रहालयाच्या अंगणात झाली असती.

राणीच्या मागची जुनी इमारत म्हणजे गव्हर्नमेंट हाउस. ला बुर्दोनेने १७३८च्या सुमारास तिला आकार दिला. १८१० मध्ये बेट इंग्रजांनी घेतले, पण कारभार याच वास्तूतून चालू राहिला. आजचे सभागृह तिला लागून असलेल्या नव्या इमारतीत आहे, आणि खरे सांगायचे तर ती दिसायला अगदीच सरकारी आहे. सभापती, राजदंड, प्रश्नोत्तरे, सारे लंडनच्या वळणाचे. घटनेने कामकाजाची भाषा इंग्रजी ठरवली आणि सभापतींशी फ्रेंचमधून बोलायची मुभा ठेवली. बाहेर रस्त्यावर सगळे क्रिओल बोलतात.

इथे पहिली निवडणूक १८८६ साली झाली, पण मत फक्त मालमत्तावाल्यांना. मळ्यातल्या मजुराला या फाटकातून आत यायला १९४८ उजाडावे लागले. तेव्हा नियम असा झाला की ज्याला साधे लिहिता-वाचता येते त्याला मत. मग समाजसुधारक बासदेव बिसुनदयाल यांच्या स्वयंसेवकांनी गावोगाव अक्षरे गिरवून घेतली. त्या निवडणुकीत भारतीय वंशाचे लोक पहिल्यांदाच मोठ्या संख्येने निवडून आले. त्याच वर्षी सप्टेंबरात आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. अंगठा उठवणाऱ्या हिंगोलीकराने १९५२ पर्यंत मत दिलेसुद्धा. इथल्या निरक्षराला त्यासाठी १९५९ पर्यंत थांबावे लागले. लोकशाहीत आपण यांच्या मागे होतो असे कोणी समजू नये.

पण एक गोष्ट यांच्याकडे बघण्यासारखी आहे. मुख्य बेटाचे वीस मतदारसंघ, प्रत्येकातून तिघे आणि मतदाराला तीन मते. रॉड्रिग्ज बेटाचे दोघे धरून बासष्ट. त्यावर आठपर्यंत जागा हरलेल्यांतल्या चांगली मते मिळवणाऱ्यांसाठी, जेणेकरून कुठलाही समाज सभागृहाबाहेर राहू नये. ही सोय निर्दोष नाही. तिचे गणित अजून १९७२च्या जनगणनेवर चालते आणि उमेदवाराने आपला समाज जाहीर करावा या अटीवरून वाद संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेला. तरी २०२४च्या नोव्हेंबरात एकाच आघाडीने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या, तेव्हा विरोधी पक्षनेता सभागृहात आला तो याच दाराने.

मराठी वस्ती प्रामुख्याने पश्चिमेकडे, ब्लॅक रिव्हर भागात. तिथल्या महाराष्ट्र भवनात २०२३ साली शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि कोकणातून आलेला जाखडी नाच इथे 'झाकरी' म्हणून टिकला आहे. या भागातल्या माणसाचे खासदारांशी काम निघाले तर तो सकाळी बस पकडून पोर्ट लुईला जातो आणि दुपारच्या जेवणाला घरी परततो. कळमनुरीच्या शेतकऱ्याला मंत्रालयात जायचे तर आधी रात्रीच्या गाडीचे तिकीट काढावे लागते.