आभाळाचा उजेड

अमावस्या म्हटली की काळाकुट्ट अंधार, ही सांगड आम्हा मराठीच्या मास्तरांनी इतकी घट्ट घातली आहे की, तिच्यात काही चूक असेल असे मला चाळिशी उलटेपर्यंत वाटले नव्हते.

आमचे शेत वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. ज्वारीची कणसे भरली की रानडुकरे येत आणि बाबा जागलीला जात. कॉलेजात असताना एका अमावस्येला मीही मचाणावर होतो. कंदील विझला होता. तरी धुऱ्यावरची बाभूळ ओळखू येत होती. बाबा म्हणाले, “आभायाले सोताचा उजीड असते, लेका.”

मी नवा शहाणा! “बाबा, तो चांदण्यांचा उजेड,” म्हणून हसलो. ते गप्प राहिले. पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही.

गेल्या वर्षी आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांशी चहा घेताना ही गंमत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, “वडील बरोबर होते.”

दिवसा सूर्याचे किरण उंचावरच्या प्राणवायूचे रेणू फोडतात. रात्री सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर ते अणू पुन्हा जुळतात आणि जुळताना प्रकाश टाकतात. हवाच उजळते. चंद्र नसलेल्या रात्रीच्या उजेडात हिचा वाटा मोठा. पुणे विद्यापीठात प्रा. चिपळूणकरांनी या प्रभेचा अभ्यास केला होता. पण तिचा अतिनील भाग डोळ्यांना दिसत नाही, आणि त्यातला बराचसा वाटेतला ओझोन गिळतो. जमिनीवरून तो मोजणार कसा? म्हणून अग्निबाण हवा. १९५७ साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोतून रात्री सोडलेल्या अग्निबाणाने ओझोनच्याही वर जाऊन पाहिले, तो हायड्रोजनच्या अतिनील प्रकाशाने रात्रीचे आकाश भरलेले! पृथ्वीभोवतीचा विरळ हायड्रोजन सूर्यप्रकाश रात्रीच्या बाजूलाही पसरवतो.

हे ऐकून घरी आलो, पण जेवण गोड लागले नाही. जे मोजायला अग्निबाण लागले त्याची एक कड बाबांनी मचाणावरून नुसत्या डोळ्यांनी पाहिली होती. आणि मी पुस्तकाच्या जोरावर त्यांना गप्प केले होते.

बाबा आता नाहीत. यंदा लक्ष्मीपूजन आटोपले की पणत्या घरी ठेवून शेतावर जाणार आहे. तेव्हा हसलो ते चुकले, एवढे त्या धुऱ्यावर उभे राहून म्हणेन. बाभूळ अजून आहे. दिसेल.