गाडीचे दार आणि जुने शहर

मोर्णा नदीने अकोल्याचे दोन भाग केले आहेत. पूर्वेच्या काठाला स्टेशन, कचेऱ्या आणि मोठा बाजार. पश्चिमेच्या काठाला जुने शहर. औरंगजेबाच्या काळात 1697 च्या सुमारास असद खानाच्या नावाने येथे असदगड उभा राहिला. गावाभोवती तट होता, तटाला वेशी होत्या. तट बहुतेक गेला, पण पत्ता सांगताना आजही दहीहंडा वेस, अगरवेस हीच नावे तोंडात येतात. वेस म्हणजे गावाचे दार. अशा या दारांच्या गावात आम्ही एका गाडीचे दार दुरुस्त करायला गेलो होतो. त्या दोन दिवसांत जे शिकलो ते वाचकांच्या कामाचे आहे म्हणून लिहीत आहोत.

गाडीविषयी आधी सांगितले पाहिजे. आमच्या वस्तीतील सहा कुटुंबांनी वर्गणी करून एक जुनी मिनीबस घेतली. मागची बाके काढलेली, झोपायला दोन फळ्या, पाण्याची टाकी, शेगडीपुरता ओटा. चालते-फिरते घरच म्हणा ना! श्रीमंत लोक याला मोटारहोम किंवा कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने 2021 साली अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरणही आणले. आमचे पर्यटन मात्र ठरलेले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर, कधी लेकीच्या गावी, कधी दवाखान्याला. ज्या म्हाताऱ्या माणसांना गर्दीच्या एस.टी.त उभे राहवत नाही, त्यांच्यासाठी ही गाडी.

गाडीला आत-बाहेर करायला डाव्या बाजूचे एकच दार. ते दोन वर्षांपासून खाली उतरले होते. लावताना हाताने उचलावे लागे. एका वर्कशॉपमध्ये दाखवले, तर तेथे दाराची खालची कड घासून देण्यात आली. महिनाभर बरे चालले, पुन्हा तेच. मग गेल्या पावसाळ्यात मूर्तिजापूरजवळ चहाला थांबलो असता दार असे अडकले की आतून उघडेना. आत दोन आजी आणि एक लेकरू. बाहेरून चौघांनी दार उचलले तेव्हा कुठे माणसे बाहेर आली. शेगडी पेटलेली असती तर? हा प्रश्न त्या रात्री कोणालाच झोपू देईना.

जुन्या शहरात जाण्याचे कारण एवढेच की तेथे सुतार, वेल्डिंगवाला, पत्र्याचे काम करणारा आणि रबर विकणारा हे सगळे पायी फिरण्याच्या अंतरात सापडतात. गल्ल्या अरुंद, गाडी आत जात नाही. ती नदीकाठच्या मोकळ्या जागेत उभी केली आणि एका म्हाताऱ्या सुतारमिस्त्रींना बोलावून आणले. आमच्यातला एक जण दाराला धक्के मारत होता. मिस्त्री म्हणाले, "दाराले कायले मारता भाऊ? दार नाई बिघडलं. चौकट पाहा अगोदर."

त्यांनी पहिल्यांदा गाडी सपाट जागेवर घ्यायला लावली. एक चाक खड्ड्यात असले की गाडीचा सांगाडा किंचित पिळतो आणि दाराची फट खोटी दिसते. मग दार अर्धे उघडून कडीकडची बाजू वर उचलून पाहिली. बिजागरीत खटखट हालचाल दिसली तर तिची पिन झिजली आहे. बिजागरी घट्ट असून स्क्रूसकट हालत असेल तर मागचे लाकूड गेले आहे. आमच्या गाडीत दोन्ही निघाले. वरच्या बिजागरीची पिन झिजलेली, आणि तिच्यामागची लाकडी पट्टी पाणी पिऊन भुसा झालेली. स्क्रूड्रायव्हरचे टोक सहज आत गेले.

पाणी आले कोठून? दाराभोवतीचे रबर कडक होऊन तडकले होते. अकोल्याचा उन्हाळा 45 अंशांच्या वर जातो, त्यात रबर किती टिकणार! रबरातून पाणी, पाण्याने लाकूड, लाकडाने बिजागरी आणि शेवटी दार, असा हा क्रम. कड घासणाऱ्याने शेवटच्या टोकाला हात घातला, मुळाला नाही.

मिस्त्रींनी एक गोष्ट फार छान समजावली. जुन्या वाड्यांच्या जड दारांना बाजूला बिजागरी नसे. दाराच्या कोपऱ्यातला खुंटा खाली दगडाच्या खळग्यात फिरे. सगळे वजन जमिनीवर, म्हणून तसे दार पिढ्यान्‌पिढ्या सहसा लटकत नाही. गाडीच्या दाराचे वजन मात्र एका कडेवर टांगलेले, वरून रस्त्याचे हादरे. अकोला-अमरावती रस्त्याचे हाल कोण विसरेल? जून 2022 मध्ये याच महामार्गावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण होऊन गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीच्या खड्ड्यांनी किती गाड्यांची दारे उतरवली असतील, त्याची नोंद कोणत्याच पुस्तकात नाही.

कामाचा क्रम असा झाला. सडलेली पट्टी चांगले लाकूड लागेपर्यंत कापून काढली. नुसते लांब स्क्रू मारले असते तर सहा महिन्यांत पुन्हा तीच गत. त्या जागी सागाची पट्टी बसवून कडांना रंग दिला. बिजागरीला नवी पिन. खालची बिजागरी जोडणाऱ्या लोखंडी अँगलला तडा होता, त्याला वेल्डिंग लागले. त्याआधी वेल्डिंगवाल्याने गॅसचे सिलिंडर आणि गाद्या बाहेर काढायला लावल्या, बॅटरीच्या तारा सोडवल्या आणि पाण्याची बादली जवळ ठेवली. हे कोणीही विसरू नये. वेल्डिंगच्या जागेला रेड ऑक्साइड लावले.

मग दार टांगून फट पाहिली. चारी बाजूंनी फट सारखी येईपर्यंत बिजागरीच्या पानाखाली पत्र्याचे पातळ तुकडे घालून दार थोडे थोडे सरकवले. फट जुळल्यावर नवे रबर. कडी ज्यात अडकते तो चौकटीवरचा तुकडा सर्वांत शेवटी हलवला. पुष्कळ लोक हाच तुकडा आधी हलवतात. कडी तेवढी बसते, पण दार लटकतेच राहते.

रबराची परीक्षा कागदाने केली. कागदाची पट्टी मध्ये ठेवून दार लावायचे आणि ओढायची. सहज निघाली तर तेथे रबर दाबले जात नाही. चारी बाजूंना थोडा जोर लागला की काम बरोबर. रबराला तेल किंवा ग्रीस लावू नये, त्याने बरेचसे रबर फुगून खराब होते. दाराच्या तळाशी पाणी निघायची बारीक भोके असतात, ती रंगाने किंवा मातीने बुजू देऊ नयेत.

खर्च? नव्या दाराचा जो अंदाज आम्हाला मिळाला होता, त्याच्या चौथाईपेक्षा कमी. मजुरीत आम्ही घासाघीस केली नाही. हाताचे कसब ज्याच्यापाशी आहे त्याला त्याचे दाम मिळाले पाहिजे, हे कष्टकरी माणसाला वेगळे सांगायला नको. आणखी एक. बिजागरी किंवा रबर बदलणे ही दुरुस्ती आहे. पण गाडीचा सांगाडा बदलायचा किंवा नवे दार पाडायचे असेल, तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 कडे पाहून आर.टी.ओ.त आधी विचारावे. आपल्या कागदांत खोट राहू नये.

काम संपल्यावर मिस्त्रींनी आमच्यातील सर्वांत थकलेल्या आजींना आत बसवले, बाहेरून दार लावले आणि म्हणाले, "आता तुमीच उघडा माय." आजींनी एका हाताने उघडले. "लेकराच्यानंही उघडंन हे तं," त्या म्हणाल्या. एवढीच खरी परीक्षा. दार बाहेरच्यासाठी बंद राहावे, पण आतल्याला कधीही उघडता यावे.

वाचकहो, आपल्याकडे गाडी असो, नसो, घराला दार आहेच. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, असे वर्षातून दोनदा ते उचलून पाहा, कागद घालून पाहा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आणि सर्वांत लहान लेकराला ते आतून उघडायला लावा. त्यांना उघडता आले नाही, तर दाराला दोष देऊ नका. आधी चौकट तपासा.