पडदा मीच ओढला होता

किरण सेठ यांनी १९७७ साली दिल्लीच्या आयआयटीतून स्पिक मॅके ही चळवळ सुरू केली, ती विद्यार्थ्यांनी थोर कलावंतांना समोर बसून ऐकावं-पाहावं म्हणून. त्याच धर्तीवर सोलापुरातल्या आमच्या शाळेत आम्ही दुसऱ्या राज्यांतले कलाकार बोलवू लागलो. सांस्कृतिक विभाग माझ्याकडे, त्यामुळे सगळी आखणी मीच करायची. कार्यक्रम वेळेत सुरू झाला, गडबड झाली नाही, पाहुणे खूश होऊन गेले, की मला तो चांगला झाला असं वाटायचं. मुलांच्या पदरात काय पडलं, हे मी स्वतःला विचारतच नव्हते.

कथकलीचे कलाकार आले तेव्हा रंगभूषेसाठी मी चित्रकलेचा वर्ग रिकामा करून दिला. खिडक्यांना चादरी लावल्या, दाराशी शिपाईमामांना बसवलं आणि एकाही मुलाला आत सोडू नका म्हणून बजावलं. कलाकारांना त्रास होऊ नये, एवढाच हेतू. मी मात्र चहापाण्याच्या निमित्तानं आत-बाहेर करत होते. चटईवर अर्जुनाची भूमिका करणारे नट उताणे झोपलेले. त्यांच्या डोक्याशी मांडी घालून बसलेले रंगभूषाकार जबड्याच्या कडेनं तांदळाच्या पिठाचा लेप चढवत होते आणि त्यात कागदाची पांढरी झालर बसवत होते. तिला चुट्टी म्हणतात. चेहरा हिरवागार, कारण अर्जुन हा उदात्त नायक. असा वेष तो ‘पच्चा’. हे काम तासन्‌तास चालतं. शेवटी नटानं तळहातावर चोळून ठेवलेलं बारीकसं बी पापणीच्या आत सरकवलं, डोळे मिटून फिरवले, आणि थोड्या वेळानं उघडले तेव्हा ते लालभडक झाले होते. मी हातातला कप तसाच धरून उभी राहिले. त्या वेळी भिंतीपलीकडे सातवीची मुलं शुद्धलेखन लिहीत होती.

त्यांना दिसला तो एकदम तयार झालेला अर्जुन. लहान वर्गातली काही मुलं घाबरली, मोठी फिदीफिदी हसली. कथकलीतला नट बोलत नाही. मागे उभे राहिलेले गायक मल्याळममधून पदं गातात आणि तो ती हस्तमुद्रांनी, भुवयांनी, डोळ्यांनी सांगतो. एवढं साधं कुणी मुलांना सांगितलंच नव्हतं. माझ्या निवेदनात कलाकारांचे पुरस्कार होते, मुद्रा एकही नव्हती. मग मी रांगांमधून डोळे वटारत फिरले. माणसाचा अर्जुन होताना ज्यांना पाहू दिलं नाही, त्यांच्या हसण्यावर रागवायचा मला काय अधिकार होता? सामान बांधताना त्या रंगभूषाकारांनीच मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, “टीचर, बच्चे अंदर क्यों नहीं आए?”

राजस्थानातले मांगणियार गायक आले त्या वेळची चूक याहून जास्त बोचते. आधी व्यवस्थेचं सांगते. अख्खी शाळा मैदानात बसवली. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मान्यवरांची मनोगतं यांत निम्मा वेळ गेला आणि गाणाऱ्यांनाच “जरा आवरतं घ्या” अशी चिठ्ठी मी पाठवली. कमायचा हे त्यांचं खास वाद्य. लाकडाचं, बकऱ्याचं कातडं मढवलेलं गोल पोट, मुख्य तारा आतड्याच्या. गज फिरला की घोगरा, खोल सूर निघतो. मैदानातल्या भोंग्यांतून त्याची नुसती घरघर ऐकू आली.

पण खरी चूक ओळख करून देतानाची. “राजस्थानचे लोककलाकार” एवढंच मी म्हणाले. मांगणियार मुसलमान आहेत आणि त्यांचे यजमान बरेचसे हिंदू, त्यातही राजपूत. यजमानाच्या घरी बाळ जन्मलं, लग्न निघालं, की पिढ्यान्‌पिढ्या गायला यायचं ते यांनीच. यजमानाची वंशावळही यांच्या तोंडपाठ. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांनी या गायकांना जगाच्या मंचावर नेलं, त्याबद्दल वाचताना हे सगळं मला कळलं होतं. तरी मी ते गाळलं. एखादा पालक काही बोलेल, नसता वाद उभा राहील, ही धास्ती. समोर हिंदू मुलं होती, मुसलमान मुलीही होत्या. दोघांपासूनही मी ही गोष्ट दडवली. शेजारच्या उर्दू शाळेची आणि आमच्या मैदानाची भिंत एकच. तिथली पोरं भिंतीवर चढून ऐकत होती. त्यांना खाली उतरायला सांगणारी मीच होते. आमंत्रण द्यायचं मला सुचलंदेखील नव्हतं.

पुढच्या खेपेला मांगणियार आले तेव्हा मी मैदान घेतलं नाही. सभागृहात सतरंज्या टाकल्या, माइक काढून टाकला, दोनच वर्ग आमचे आणि तितकीच मुलं उर्दू शाळेची. निवेदन केलंच नाही. वयानं थोर असलेल्या गायकांनी स्वतःच गाव सांगितलं, वडील-आजोबा कुणाच्या घरी गात ते सांगितलं आणि कृष्णाच्या जन्माचं गाणं सुरू केलं. आमच्या शाळेतल्या एका मुलीनं विचारलं, “बाबा, तुम्ही मुसलमान, मग कृष्णाचं गाणं कसं काय?” माझ्या पोटात गोळा आला. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. यजमानाच्या घरचं गाणं ते आमचंच गाणं, असं सांगून त्यांनी तिच्या हातात खडताल दिली. शिसवीच्या दोन पट्ट्या एका हातात धरून वाजवायच्या. तिच्या एकसारख्या निसटत होत्या. उर्दू शाळेतल्या एका मुलानं तिला अंगठा कुठं ठेवायचा ते दाखवलं, त्याचंही चुकलं, मग दोघांचाही अंगठा गायकांनी नीट बसवला.

कार्यक्रमानंतर मुलांना दहा ओळी लिहून आणायला सांगणं मी बंद केलं आहे. रंगभूषेच्या वेळी मुलं टप्प्याटप्प्यानं आत जाऊन बसतात. कलाकारांना आधी विचारून घेते. भाषणं मात्र अजून पुरती थांबवता आलेली नाहीत. सत्कार वर्गातच, मुलांच्या देखत, दोन मिनिटांत उरकावा आणि उरलेला वेळ कलाकारांना द्यावा, असा लेखी अर्ज मी यंदा संस्थेकडे दिला आहे. उत्तर यायचं आहे.