पंचवीसपैकी किती

एप्रिल २०२१. आमच्या किनवटात त्या महिन्यात कुणी कुणाला 'जेवलास का' विचारत नव्हतं. 'स्कोर किती?' एवढंच विचारायचे. बाजार बंद, टपऱ्या बंद, पण फोनवर आकडे गावभर फिरत. कुणाचा आठ, कुणाचा अठरा. उभ्या जन्मात छातीचा फोटो न काढलेली माणसंसुद्धा म्हणायची, "एचआरसीटी काढला का न्हाई?"

नानांना ताप आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांना गाडीत घालून भोकरमार्गे नांदेडला नेलं. कुणी डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. सगळे काढत होते म्हणून आपणही काढायचा. सरकारनं मशीनप्रमाणे २,००० ते ३,००० रुपये दर बांधून दिला होता. गाडीभाडं त्याहून जास्त झालं.

आत मशीन बोलायचं, श्वास घ्या, धरून ठेवा. बाहेर येऊन नाना म्हणाले, "धरून ठिवायला श्वास काय कासरा हाय का?"

रिपोर्ट आला. पंचवीसपैकी चार.

"चार? म्हंजे नापासच की रं."

"नाना, इथं कमी मार्क चांगले."

मायनं मारुतीला नारळ फोडला. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि पुढचे सात दिवस त्याच्यावर विसंबून राहिलो.

हा आकडा कसा काढतात ते पुढं दवाखान्यात कळलं. उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन. प्रत्येक भागाला पाचपर्यंत मार्क. पाच टक्क्यांपेक्षा कमी भाग खराब असला तर एक, पाव भागापर्यंत दोन, निम्म्यापर्यंत तीन, पाऊणपर्यंत चार, त्याच्यावर पाच. चांगल्या फुफ्फुसात हवा असते म्हणून ते फोटोत काळं दिसतं. सूज येऊन पाणी धरलं की तिथं दुधी काचेसारखे पांढुरके डाग उमटतात. किती भाग पांढरा हे डॉक्टर बहुतेक वेळा नजरेनंच ठरवतात.

मला आमची पैसेवारी आठवली. सप्टेंबरात नजरअंदाज पैसेवारी जाहीर होते, तेव्हा सोयाबीन हिरवंगार असतं. पुढं परतीचा पाऊस झोडपतो आणि कागदावरचं पीक कागदावरच राहतं. नानांचा चार हा असा सप्टेंबरातला आकडा होता. आजार फुफ्फुसात उतरायच्या आधीच आम्ही मोजून मोकळे झालो होतो.

नवव्या दिवशी आशाताई ऑक्सिमीटर घेऊन आल्या. बसल्या जागी ९४. त्यांनी नानांना अंगणात सहा मिनिटं चालायला लावलं. मी मध्येच म्हणालो, "ताई, स्कोर चारच हाय हो त्यांचा."

"तो कागद त्या दिवशीचा हाय, दादा. माणूस आजचा बघा."

चालून आल्यावर ८८. नाना ओट्याला धरून उभे होते आणि एक अख्खं वाक्य त्यांना बोलता येत नव्हतं.

रात्रीतून नांदेड गाठलं. खाट मिळाली हे नशीब. दुसऱ्या सीटीत सोळा आले. तेरा दिवस नाना ऑक्सिजनवर होते. शेजारच्या खाटेवरचा वीस स्कोरवाला माणूस चालत घरी गेला, अकरावाला गेला नाही. त्याच दिवसांत दिल्लीच्या एम्सचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी जाहीर सांगितलं, की आजार सौम्य असेल नि ऑक्सिजन नीट असेल तर सीटी काढू नका. बातमी मी दवाखान्याच्या पायरीवर वाचली. खिशातली घडी तशीच होती. फाडावीशी वाटली, फाडली नाही.

घरी आल्यावर मी डॉक्टरांना फोन करून विचारलं, तिसरा सीटी काढू का. म्हणाले, दम लागत नसेल तर कशाला? चालवून बघा.

आमचं वावर पांदीच्या पलीकडं. पूर्वी नाना तिकडून हाक मारायचे ती थेट घरात यायची. भाकरी घेऊन या, बैल सुटलाय, काहीही. जूनमध्ये ते हाक घालायला बघायचे आणि खोकल्यातच बसायचे. माय रोज संध्याकाळी दारात उभी राहायची, बोलायची नाही काही. कापूस वेचणीच्या दिवसांत एकदा ती चुलीपासून उठून बाहेर आली.

"तुला आली का रं हाक?"

मला आली नव्हती. तिला आली होती. ती भाकरीचं फडकं शोधायला आत गेली.