चालवून घेणे

नव्या वाहनाच्या खरेदीची नस्ती कार्यालयात उत्साहाने फिरते. जुन्याच्या दुरुस्तीची नस्ती मात्र 'मंजूर' या एका शब्दावर निकाली निघते. हा फरक किती महागात पडतो, हे मला उत्तराखंडातील एका पहाडी उपविभागात काम करताना एका जिप्सीमुळे जवळून पाहायला मिळाले.

2011 साली माझ्या वाट्याला आलेली ही जिप्सी 12 वर्षांची होती. पुढेमागे पाट्यांच्या स्प्रिंगा, अखंड अ‍ॅक्सल आणि गरज पडेल तेव्हा चारही चाकांना मिळणारी ताकद. कच्च्या पहाडी रस्त्यावर तिला पर्याय नव्हता. मात्र थोडा वेग घेतल्यावर खड्डा लागला की पुढची चाके थरथरू लागत, आणि स्टिअरिंग दोन बोटे फिरवले तरी चाक जागचे हलत नसे. चालक मुरलेला होता. "साहब, हाथ को अंदाज़ा हो गया है," असे तो शांतपणे सांगे.

वाहनाचे इतिहासपत्रक मी मागवून घेतले. तीन वर्षांत स्टिअरिंगचा डॅम्पर दोनदा, टाय रॉडचे एक टोक एकदा, पुढचे टायर दोनदा बदललेले. अलाइनमेंट तर अनेकदा केलेले. प्रत्येक बिल लहान, कार्यालयप्रमुखाच्या अधिकारात बसणारे. या बिलांची बेरीज मात्र कुणी केलेली नव्हती.

गावातल्या वयस्क मिस्त्रीने गाडी जमिनीवर उभी ठेवूनच एकाला स्टिअरिंग डावीउजवीकडे हलवायला लावले आणि स्वतः खाली आडवा होऊन प्रत्येक सांध्यावर बोट ठेवले. मग चाक जॅकवर उचलून वरखाली धरून हलवले. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तरीही उरली तर किंग पिनचा. ती उरली. त्याचा निष्कर्ष साधा होता: एकही सांधा पूर्ण निकामी नाही, पण प्रत्येकात थोडा थोडा सैलपणा आहे आणि तो सगळा स्टिअरिंगपाशी येऊन साचतो. डॅम्पर बदलल्याने थरथर दबते. रोग तसाच राहतो.

किंग पिनची बेअरिंगे, टाय रॉड आणि ड्रॅग लिंकची टोके, पाट्यांचे रबरी बुश, शॅकल असे सगळे एकत्र बदलायचे, तर वरिष्ठांची मंजुरी आणि तांत्रिक तपासणी आवश्यक होती. बिलाचे तीन तुकडे केले तर काम उद्याच होईल, असे लेखा शाखेने सुचवले. वरची मंजुरी टाळण्यासाठी खरेदीचे तुकडे पाडणे नियमबाह्य आहे, म्हणून आम्ही थांबलो. पण आधीची तीन वर्षे एकाच दुरुस्तीचे तुकडेच तर पडत होते. हेतू तसा नव्हता, म्हणून त्यावर कुणाचा आक्षेप नव्हता, इतकेच! त्या बिलांची बेरीज संपूर्ण कामाच्या अंदाजपत्रकापेक्षा जास्त भरली. मंजुरी मागताना हाच मुद्दा मांडला आणि तो मान्य झाला.

काम चार दिवस चालले. बुशचे बोल्ट मिस्त्रीने गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन पाट्यांवर आल्यानंतरच शेवटचे आवळले. अधांतरी आवळले तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकते आणि लवकर फाटते. पहिली फेरी त्याने मुद्दाम डॅम्परशिवाय मारली. चाके थरथरली नाहीत, तेव्हाच डॅम्पर बसवला.

खरे आश्चर्य पुढे होते. पहिले काही दिवस आमचा चालक वळणावर गरजेपेक्षा जास्त स्टिअरिंग फिरवत होता. गाडी बरी झाली होती; हातांना जुनी सवय होती. त्याचे कौशल्य हेच आमच्या व्यवस्थेचे पांघरूण झाले होते. तो एखाद्या दिवशी रजेवर असता आणि बदली चालकाला दरीकडेच्या वळणावर तो दोन बोटांचा सैलपणा प्रथमच कळला असता, तर चौकशी अहवालात कारण काय लिहिले गेले असते? बहुधा 'चालकाची चूक'. 30 जानेवारी 2012 च्या विधानसभा मतदानासाठी तीच गाडी दुसऱ्या चालकाकडे सोपवावी लागली, तेव्हा हा प्रश्न मनात आला आणि दुरुस्ती वेळेत झाल्याचे समाधानही वाटले.

1 एप्रिल 2023 पासून, संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेसाठीची काही विशेष वाहने वगळता, 15 वर्षे उलटलेल्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. धोरण योग्यच आहे. पण गाडी त्या 15 वर्षांत कशी राखली, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

मराठीत आपण 'चालवून घेणे' म्हणतो. कार्यालयेही अशीच चालतात: एखादा जुना लिपिक, एखादी परिचारिका, एखादा तलाठी आपल्या अंदाजाने उणीव भरून काढतो आणि वर सारे सुरळीत दिसते. म्हणून त्यानंतरच्या प्रत्येक तपासणीत मी दोन गोष्टी पाहू लागलो: लहान बिलांची बेरीज, आणि ज्याच्यावाचून काम अडते असा माणूस. तो नेमके काय सांभाळून घेतो आहे, हे त्याच्या शेजारी बसून विचारले की दुरुस्ती कुठे हवी ते सहसा कळते.